खेळवाडीतून थेट ज्युनिअर केजी : माझी लेक मागे पडतेय का?

पावसाळी_दुपार (नाशिक)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

लेक तीन वर्षं दहा महिन्यांची. जूनपासून घराजवळच्या एका खेळवाडीत जाते. जुना बंगला, मागे पेरूचं झाड, वाळूचा हौद, दोन ताया आणि वीसेक मुलं. आम्हा दोघांना जागा बघताक्षणी आवडली होती. तिथे वही नाही, पेन्सिल नाही, गृहपाठ नाही. घ्यायला गेले की बुटात वाळू आणि फ्रॉकला गेरू. 'आज काय शिकलीस?' विचारलं की ठरलेलं उत्तर, 'काही नाही.' परवा जरा खोदून विचारलं तर म्हणाली, 'गोगलगायीला घर बांधलं. ती आलीच नाही राहायला.'

इथपर्यंत सगळं गोड होतं. दिवाळीत सासरी सगळे जमलो. जावेचा मुलगा हिच्यापेक्षा वीस दिवसांनी लहान. त्याने चाररेघी वहीत ए ते झेड काढून दाखवलं, वर ट्वेंटीपर्यंत आकडे. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी हिच्या हातात पेन्सिल दिली. हिने मुठीत धरून पानभर गोल गोल गोल काढले आणि सांगितलं, 'हा भोवरा आहे. फिरतोय ना, म्हणून दिसत नाहीये.' सगळे हसले. मीही हसले, पण रात्री झोप लागली नाही. सासूबाई सकाळी चहा गाळता गाळता म्हणाल्या, 'पैसे भरून मातीत खेळायलाच पाठवायचं, तर आपलं अंगण काय वाईट होतं?' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या जूनला जिथे ज्युनिअर केजीला घालायचं मनात आहे, त्या शाळेने फॉर्मसोबत एक कागद दिलाय. कॅपिटल अक्षरं ओळखणे, १ ते २० म्हणणे, आठ रंग, पाच आकार, शरीराचे अवयव. सगळं इंग्रजीतून. पुढच्या महिन्यात 'इंटरॅक्शन' आहे. (मुलाखत म्हणायचं नाही. फोनवर मी म्हटलं तर बाईंनी मला सुधारलं.)

आता जाऊबाई म्हणतात, जानेवारीपासून त्यांच्याकडच्या एका ट्यूशनला घाल. साडेतीन-चार वर्षांच्या मुलांची ट्यूशन! नवरा म्हणतो, गप्प बस. मला कळत नाहीये. खेळवाडीतलं मूल केजीत गेल्यावर खरंच तग धरतं का? ज्यांची मुलं या वाटेने गेलीत त्यांनी सांगा. 'मुलांना मुलांसारखं जगू द्या' एवढंच सांगायला येणार असाल तर कृपया नको, ते मी स्वतःला रोज सांगते.

दोन_पोरांचा_बाप (ठाणे)

मी उलट बाजूने बोलतो, राग मानू नका.

थोरल्याला आम्हीही असंच 'खेळातून शिक्षण' लिहिलेल्या ठिकाणी घातलं होतं. पाटी झकास, फी त्याहून झकास. वर्षभराने कळलं, सकाळचा अर्धा तास घसरगुंडी आणि उरलेला वेळ टीव्हीवर गाणी. पाऊस असला की पूर्ण वेळ टीव्ही. खेळही नाही आणि शिक्षणही नाही. मग केजीत गेला तर तिथे पहिल्याच महिन्यात रोज एक पान. पोरगा ऑगस्टपर्यंत रडत होता. 'मला येत नाही' हे वाक्य तो तिथे शिकला, आणि अजून तिसरीत असताना वापरतो.

कागदावर सगळं छान आहे हो. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण म्हणतं ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत स्तर. २०२२ मध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यात पानोपानी खेळ. आमच्या शाळेच्या प्रवेशद्वारापाशी त्याचं पोस्टरही आहे, आणि पोस्टरखाली विकायला वह्यांचा गठ्ठा. त्याच्याही आधी, १९९३ च्या यशपाल समितीने लिहून ठेवलंय की नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा. तेव्हा मी पहिलीत होतो. आता माझा धाकटा इंटरॅक्शन देऊन आला.

म्हणून सांगतो, खेळवाडी बदलू नका, पण घरी रोज दहा मिनिटं अक्षरं घ्या. जग जसं आहे तसं आहे.

कराडची_ताई

पावसाळी_दुपार, अगं-तुगं करते, माझ्या सुनेच्या वयाची असशील. एकतीस वर्षं बालवाडी चालवली, भाड्याच्या दोन खोल्या आणि मागे परसात. २०१९ साली माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. प्रतिसाद लांब होणार, गोड मानून घे.

आधी भोवऱ्याचं. फिरणारी वस्तू दिसत नाही, तिच्या फक्त रेषा दिसतात, हे ज्या पोरीने पाहिलं आणि कागदावर काढून वर शब्दांत सांगितलं, तिच्यासाठी तू रात्रभर जागी राहिलीस? असो. आई झाल्यावर झोप तशीही जातेच.

खेळात काय शिकतात हे सांगायला गेलं की भाषण होतं. त्यापेक्षा एक प्रसंग सांगते. आमच्याकडे दुकानाचा कोपरा होता. एक पाट आडवा, तराजू, चिंचोक्यांचे पैसे, कागदाच्या बोळ्यांची अंडी. एके दिवशी चार वर्षांची एक मुलगी दुकानदारीण. गिऱ्हाईक आलं, 'सहा अंडी द्या.' हिने मोजली, 'एक, दोन, तीन, पाच, सहा.' दिली. गिऱ्हाईक पिशवीत डोकावलं. 'कमी आहेत.' 'नाहीयेत, मी सहा म्हटलं ना!' दोघं हातघाईवर आले. मी चार म्हणायला विसरलीस असं सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि उद्या परत विसरली असती. मी आतून सहा खणांचा अंड्यांचा ट्रे आणला, पाटावर ठेवला आणि पाण्याच्या कोपऱ्यात निघून गेले. तिथून तिरक्या डोळ्याने बघत होते. तिने एकेका खणात एकेक बोळा ठेवला. एक खण रिकामा राहिला. त्या खणात तिने बोट घातलं. बराच वेळ बोट तिथेच. मग टोपलीतून एक बोळा काढून ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, 'घ्या. एक झोपलं होतं.'

पुढचा आठवडा तिला ट्रेशिवाय दुकान उघडायचंच नव्हतं. शनिवारपर्यंत चार आपल्या जागी येऊन बसला होता.

आता तुझ्या जावेच्या मुलाला एक खेळ दे. (त्याला नावं ठेवत नाहीये हं, गुणी असेल पोरगा.) समोर मूठभर चिंचोके ठेव आणि म्हण, 'मला सात दे.' ट्वेंटीपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं अख्खी मूठ पुढे करतात. आकडे म्हणणं हे गाणं आहे आणि सात देणं हे गणित आहे. केजीत वर्षाअखेर बेरीज येते तेव्हा गाणं कामाला येत नाही.

पेन्सिलीचं म्हणशील तर मनगटात आठ बारकी हाडं असतात. तुझ्या लेकीच्या वयाला त्यातली बरीचशी अजून कूर्चाच असतात, कडक व्हायची असतात. तिने मुठीत पेन्सिल धरली यात नवल काहीच नाही. चिमूट तयार व्हायला हवी, आणि ती वहीवर तयार होत नाही. ती मटार सोलताना होते, कपड्यांचे चिमटे दाबताना होते, मणी ओवताना होते. कणकेचा गोळा दे, त्यातून सापाएवढ्या लांब वळ्या करायला सांग. भेंडी कापून ठसे काढू दे. ताटात रवा पसरून त्यात बोटाने रेघा मारू दे. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी धुळपाटी होती, तोच प्रकार. उभी रेघ, आडवी रेघ, अर्धा गोल, एवढं हाताला सापडलं की ग म भ न काढायला किती वेळ लागतो? आणि ए ते झेडला त्याहून कमी.

मी हे सगळं पहिल्यापासून मानत होते असं समजू नकोस. १९९८ च्या सुमाराला आमच्याकडे नवी इंग्रजी शाळा निघाली. माझ्या पटावरची ४२ मुलं एका वर्षात २७ झाली. घाबरले मी. भाडं कुठून द्यायचं? जानेवारीपासून रोज पाऊण तास पाटी सुरू केली. पालक खूश, दोघेतिघे परत आले. फेब्रुवारीत एक मुलगा पाट्या काढायची वेळ झाली की उजवा हात चड्डीच्या खिशात घालून बसायला लागला. विचारलं, 'हात कुठाय रे?' तर म्हणे, 'घरी राहिला.' सगळे हसलो. मी मार्चपर्यंत रेटलं. तो हात काही खिशातून बाहेर आला नाही, आणि त्याआधी हाच मुलगा मातीची बैलजोडी शिंगांसकट करायचा. त्या वर्षाबद्दल मला कुणी बोललं नाही, म्हणून आज इथे सांगते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्या बरोबर बोलल्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं ते हेच धरून. पोरं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसोरीबाईंची लाकडी साधनं परवडणारी नव्हती, मग बिया, खडे, शिंपले, पानं हीच साधनं. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हे चाललं, आणि सरकारने १९७५ साली बालकांची योजना काढली तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच उचलला. तर अंगण वाईट कधीच नव्हतं. फक्त अंगणात रोज सकाळी कुणीतरी विचार करून काहीतरी मांडून ठेवावं लागतं आणि मग तोंड मिटून बघत बसावं लागतं. तुझे पैसे या दुसऱ्या कामाचे. ते फार अवघड असतं.

दोन_पोरांचा_बाप म्हणतात तशा टीव्हीच्या खेळवाड्याही मी पाहिल्यात, त्यांचा राग रास्त आहे. तेव्हा एक कर. खेळवाडीत जाऊन तासभर कोपऱ्यात बस. तायांना विचार, वाळूच्या हौदात गेल्या आठवड्यात काय होतं आणि या आठवड्यात काय आहे. 'आधी वाट्या होत्या, आता नरसाळं आणि गाळण टाकलंय, कारण मुलं ओली वाळू गाळायला बघत होती' असं काही म्हणाल्या तर निर्धास्त घरी जा. 'हौद आहे, खेळतात मुलं' एवढंच म्हणाल्या तर मात्र दुसरी जागा बघ. आणि दुसरी जागा म्हणजे ट्यूशन नव्हे.

चिखलाची_पँट (श्टुटगार्ट, जर्मनी)

ताईंना +१. छोटीशी भर.

किंडरगार्टन हा शब्दच इथला. फ्र्योबेल नावाच्या शिक्षकाने १८४० मध्ये दिलेला, अर्थ बालोद्यान. आणि त्या शब्दाच्या माहेरी आमच्या मुलाच्या किंडरगार्टनमध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अक्षरं शिकवत नाहीत! प्रत्येकाच्या नावाची खुंटी, खुंटीला चिखलात खेळायची रबरी पँट. पाऊस असो, बर्फ असो, पोरं बाहेर. माझी आई पुण्याहून आली होती. तिने आठ दिवस बघितलं आणि म्हणाली, 'हे शाळेत कधी घालतात गं?'

शाळा सहाव्या वर्षी. त्याआधी सरकारी डॉक्टरांची तपासणी असते. आमच्याकडे एका पायावर उड्या मारायला लावल्या, माणूस काढायला लावला, चित्रातल्या वस्तू मोजायला लावल्या, डोळे-कान तपासले. अक्षर एकही विचारलं नाही. पहिलीच्या नाताळपर्यंत पोरगा छोटी वाक्यं वाचायला लागला होता.

पण हेही खरं की इथे सगळ्यांचीच मुलं तशी असतात, त्यामुळे दिवाळीत पेन्सिल हातात देणारं कुणी नसतं. तुमची गोष्ट अवघड आहे, मला मान्य.

खडू_डस्टर

मी एका इंग्रजी शाळेत ज्युनिअर केजीला शिकवते, चौदावं वर्ष. नाव-गाव सांगत नाही, कारण उघड आहे.

जूनचे पहिले पंधरा दिवस वर्गात कसे असतात ते ऐका. बत्तीस मुलं, मी आणि एक मावशी. साडेदहाला डबा. त्यातली वीस मुलं डबा घेऊन माझ्याकडे येतात कारण झाकण उघडत नाही. पाचसहा जणांना शू लागलीय हे सांगता येत नाही, ती सांगण्याआधीच झालेली असते. काहींना पँटची चेन जमत नाही. काहींना कुणी 'थांब, तुझा नंबर नंतर' असं कधी म्हटलेलंच नसतं, त्यामुळे ते मला मारतात. होय, मला. या सगळ्यात झेडपर्यंत लिहिणारं मूल वेगळं ओळखू येत नाही. ओळखू येतं ते असं, की गोष्ट सांगायला लागले तर पाच मिनिटं मांडी घालून ऐकणारं, रडणाऱ्या शेजाऱ्याला स्वतःची बाटली देणारं, खेळणी उचलून जागेवर ठेवणारं. हे कुठून आलं विचारलं तर बहुतेकदा कुठल्यातरी वाळूच्या हौदातून आलेलं असतं. ऑक्टोबरपर्यंत लिहिण्यातला फरक तसाही पुसला जातो.

इंटरॅक्शनचं सांगते. आमच्याकडे तरी मी मुलाला समोर ठोकळे देते आणि बघते. तो आईला सोडून टेबलापाशी येतो का, नाव सांगतो का, माझ्या डोळ्यांत बघतो का. तो छापील कागद ऑफिसचा असतो. रंग आणि आकार इंग्रजीत यावेत एवढं मात्र बघा, कारण आमच्याकडे मॅनेजमेंटचे लोकही बसतात. कपडे घालताना 'रेड फ्रॉक की येलो?', पोळी कापताना 'ट्रँगल'. पंधरा दिवस पुरतात.

आणि दोन_पोरांचा_बाप, तुमच्या मुलाला ऑगस्टपर्यंत रडवणारी मीच असू शकते. पहिल्या पालकसभेत अर्धे आईबाप वही उघडून बघतात आणि विचारतात, 'एवढंच झालं?' मग वरून निरोप येतो, पानं वाढवा. मी वाढवते. घरी दहा मिनिटं अक्षरं घेण्यापेक्षा दहा मिनिटं डबा उघडायला शिकवा, माझे हात मोकळे होतील.

दोन_पोरांचा_बाप (ठाणे)

खडू_डस्टर, प्रामाणिकपणाबद्दल दंडवत. पालकसभेत 'एवढंच झालं?' विचारणारा मीही होतो, दुसऱ्या रांगेत. ताई, त्या खिशातल्या हाताने काल झोपू दिलं नाही. धाकट्याचं दहा मिनिटांचं अक्षर सध्या थांबवलंय. सध्या.

पावसाळी_दुपार (नाशिक)

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण मध्ये लेकीला ताप होता.

काल खेळवाडीत जाऊन बसले, सव्वा तास. वाळूच्या हौदाचा प्रश्न ताईंनी सांगितला तसाच्या तसा विचारला. तिथल्या ताई जरा चमकल्या, मग एक जाड वही घेऊन आल्या. त्यात प्रत्येक मुलाचं पान. माझ्या लेकीच्या पानावर लिहिलं होतं की गोगलगाय येत नाही म्हणून तिने तीन दिवस घराचं दार मोठं मोठं केलं, चौथ्या दिवशी दारात पेरूचं पान ठेवलं, आणि 'तिला भूक लागली की येईल' असं दोघा मुलांना सांगितलं. तायांनी मग तिला गोगलगाय काय खाते हे शोधायला पाल्याच्या टोपल्या ठेवल्या होत्या. हे घरी मला 'काही नाही' म्हणून कळलं होतं.

मला तिथे बसून थोडं रडू आलं. ताईंनी पाणी दिलं.

घरी येऊन सासूबाईंना कराडच्या ताईंचा नमस्कार सांगितला. त्या काहीच बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी मोड आलेले वाल घेऊन बसल्या तेव्हा नातीला हाक मारली आणि शेजारी बसवून डाळिंब्या सोलायला दिल्या. ताई, हीच ना ती चिमूट? अर्ध्या मोडल्या तिने, काही खाल्ल्या, एक नाकात घालायच्या बेतात होती. उसळ झाली मात्र. जेवायला बसताना वाट्या मांडायला सांगितल्या तर चार माणसांना पाच आणल्या. पाचवी कुणाची विचारलं, तर गोगलगायीची.

इंटरॅक्शन १८ तारखेला आहे. ट्यूशनला नाही म्हणून जाऊबाईंना कळवलं, त्यांनी मेसेज वाचलाय, उत्तर नाही. काय होतं ते इथे येऊन सांगेनच.

एक शेवटचं, ताई. दुकान मांडायचं म्हणतेय शनिवारी. अंड्यांचा ट्रे ३० चा आणू की १२ चा?

कराडची_ताई

सहाचा. तीसचा आणलास तर ती त्याची इमारत करेल आणि दुकान राहील बाजूला. तीही चालेल म्हणा, पण मग गिऱ्हाईक म्हणून तुला ताटकळत बसावं लागेल.

आणि वालाच्या साली टाकू नकोस. दुकानात भाजी म्हणून चालतात.